प्राथमिक शाळा आणि घर : दुरून शिक्षणाच्या काळात कुटुंबाला मिळणारा आधार

शाळेची इमारत बंद असताना मुलांचे शिक्षण त्यांच्या घरी चालू ठेवणे, याला आपण दुरून शिक्षण म्हणतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या बाबतीत हा शिक्षक व विद्यार्थी या दोघांमधील व्यवहार असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचे तसे नसते. त्याला फोन लावून देणारे, पाटी-पेन्सिल पुढे ठेवणारे, शेजारी बसवून घेणारे मोठे माणूस घरात लागतेच. त्यामुळे लहान मुलांना दुरून शिकवू पाहणाऱ्या शाळेला आधी त्या घराला आधार द्यावा लागतो. करोनाच्या काळाने हा धडा महाराष्ट्राला दिला. मुळशीसारख्या तालुक्याच्या संदर्भात त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुळशीची परिस्थिती

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड. तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी व पिरंगुटचा औद्योगिक परिसर आहे, तर पश्चिमेला ताम्हिणी घाट व सह्याद्रीच्या कडेकपारी. मध्ये मुळा नदीवरील टाटांच्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. एकाच तालुक्यात संगणक अभियंत्यांची घरे, कारखान्यांत कामास आलेल्या परप्रांतीय मजुरांच्या खोल्या, भातशेती करणारी गावे आणि डोंगरातील धनगर व कातकरी वस्त्या नांदतात. शहराजवळच्या घरात मुलासाठी स्वतंत्र संगणक असू शकतो. डोंगरातल्या वाडीवर मात्र फोनला ‘रेंज’ मिळावी म्हणून टेकाडावर चढावे लागते.

अशा ठिकाणी दुरून शिकविण्याचा एकच एक मार्ग सर्वांना पुरणारा नव्हता. त्यात ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले व पुढे मावळ-मुळशीच्या पट्ट्यातही घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याचे ते दिवस होते.

काळाचा क्रम

राज्यातील शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद होऊ लागल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने रोजच्या अभ्यासाचे साहित्य फोनवरून पाठविण्यास आरंभ केला. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. बालभारतीच्या पाठ्यक्रमावर आधारलेली ही मालिका घरातल्याच वस्तू घेऊन मुलांना कृती करावयास लावीत असे. वरच्या वर्गांच्या शाळा नोव्हेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. पहिली ते चौथीच्या वर्गांना मात्र राज्य शासनाने १ डिसेंबर २०२१ पासून अनुमती दिली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही आठवडे शाळा बंद राहिल्या.

या तारखांचा अर्थ नीट समजून घ्यावा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने वर्गाची पायरी चढली तेव्हा त्याची दुसरीही अर्धी संपत आली होती. अक्षरओळख, अंकओळख, शेजाऱ्याबरोबर बाकावर बसण्याची सवय हे सारे त्याच्या बाबतीत घरावर सोपविले गेले होते.

घरांनी काय केले

ग्रामीण भारतातील ‘असर’ या पाहणीने सप्टेंबर २०२० मध्ये दूरध्वनीवरून माहिती गोळा केली. २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तो २०२० मध्ये सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी आढळला. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास साहित्य मिळालेली मुले केवळ एक तृतीयांशाच्या आसपास होती. याउलट, सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरातील कोणी ना कोणी अभ्यासात मदत करीत होते. आईवडील दोघेही पाचवीपर्यंत किंवा त्याहून कमी शिकलेले असलेल्या घरांतही निम्म्याहून अधिक मुलांना अशी मदत मिळत होती. दोघेही नववी वा त्यापुढे शिकलेले असतील, तर हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या घरात होते.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. कमी शिकलेले पालक मुलांविषयी उदासीन असतात, हा समज चुकीचा आहे. त्याचबरोबर ज्या घरात शिक्षण कमी, तेथे शाळेने अधिक आधार द्यावयास हवा, हेही तितकेच खरे.

आधाराची अंगे

पहिले अंग चौकशीचे. घरात फोन आहे का, एवढे विचारून भागत नाही. तो कोणाजवळ असतो, किती वाजता घरी येतो, त्यात पैसे भरलेले असतात का, भावंडे किती, हे विचारावे लागते. वडील सकाळी कारखान्यात फोन घेऊन गेले, तर सकाळी दहाचा तास त्या घरापुरता झालाच नाही असे समजावे. अशा घरासाठी संध्याकाळी पाठविलेला, फोन हाती आल्यावर ऐकता येणारा दोन-तीन मिनिटांचा आवाजी संदेश अधिक उपयोगी ठरतो. साधा फोन असलेल्या घराला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी शिक्षकांचा फोन जावा. फोनच नसलेल्या घरी कागदावरचा स्वाध्याय पोहोचावा व पुढील आठवड्यात तो तपासून परत यावा.

दुसरे अंग वेळेच्या मर्यादेचे. केंद्र शासनाने १४ जुलै २०२० रोजी ‘प्रज्ञता’ ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पूर्वप्राथमिक मुलांच्या बाबतीत दिवसाला अर्ध्या तासापेक्षा अधिक नाही, तर पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे, अशी मर्यादा त्यांत सांगितली होती. दिवसभर मुलाला पडद्यासमोर बसविणे म्हणजे चांगली शाळा, असे मानणाऱ्या पालकांना ही मर्यादा समजावून सांगणे हेही शाळेचे काम होय.

तिसरे अंग पालकांना धीर देण्याचे. ‘आम्हांला कुठे येतं शिकवायला?’ असे अनेक माता म्हणतात. धान्य मापताना मापे मोजणे, भाकऱ्या किती झाल्या व किती उरल्या हे विचारणे, बाजारातील वस्तूंच्या वेष्टनावरील अक्षरे शोधणे, झोपताना आजीने गोष्ट सांगणे व सकाळी मुलाने ती परत सांगणे, यांतील एकाही कृतीला साक्षरतेची अट नाही. शिक्षकांनी आठवड्याला अशा दोन-तीन कृती सोप्या बोलीत सुचविल्या, तर घरातील प्रत्येक मोठे माणूस मदतनीस होते. घरची बोली कातकरी असो, हिंदी असो वा कन्नड, आपल्या भाषेत मुलाशी भरपूर बोलावे, त्याने मराठीचे नुकसान होत नाही, हेही पालकांना स्पष्ट सांगावे.

चौथे अंग पोटाचे. प्राथमिक शाळेतील दुपारच्या भोजनात प्रत्येक मुलामागे शंभर ग्रॅम धान्य व वीस ग्रॅम डाळीचे प्रमाण ठरलेले आहे. शाळा बंद झाली म्हणजे हा घासही बंद होणार होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यात तांदूळ व कडधान्ये पालकांच्या हाती देण्याची व्यवस्था झाली. धान्य घेण्यास आलेल्या पालकाला त्याच वेळी स्वाध्याय देता येतो व मुलाची विचारपूसही करता येते. दूरस्थ वाडीवरील घराची शाळेशी समोरासमोर गाठ पडण्याचा तोच एक हक्काचा दिवस ठरू शकतो.

पाचवे अंग दुःखाचे. अनेक मुलांनी या साथीत आई किंवा वडील गमावले, काहींनी दोघेही. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपये ठेवण्याचा निर्णय राज्य शासनाने जून २०२१ मध्ये घेतला. एक पालक उरलेल्या मुलासाठीही बालसंगोपन योजना असते. परंतु कागदपत्रे कोणती, अर्ज कोठे करावयाचा, हे शोकात असलेल्या घराला उमगत नाही. हजेरीपटावर प्रत्येक मुलाचे नाव असलेल्या शिक्षकाला अशी घरे सर्वांत आधी कळतात. संकटातील मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक प्रत्येक पालकाजवळ असावा.

इतरत्र केलेले प्रयत्न

फोनवाचूनही काय करता येते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात दिगंत स्वराज फाउंडेशनने २०२० मध्ये ‘बोलकी शाळा’ चालविली. ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले जात व मुले अंतर राखून मोकळ्या जागेत बसून ते ऐकत. सोलापूरच्या निलमनगर या कामगार वस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. येताजाता मुले वाचू लागली आणि त्यांच्याबरोबर घरातील माणसेही.

जगाच्या इतिहासातही असा प्रसंग पूर्वी येऊन गेला आहे. १९३७ च्या सप्टेंबर महिन्यात पोलिओच्या साथीमुळे अमेरिकेतील शिकागो शहराच्या शाळा उघडणे लांबले. तिसरी ते आठवीच्या सुमारे तीन लाख पंधरा हजार मुलांना रेडिओवरून पाठ देण्यात आले व त्यांचा तपशील वृत्तपत्रांत छापला गेला. पालकांच्या प्रश्नांसाठी शिक्षकांना दूरध्वनीवर बसविले होते. फोन इतके आले, की तेथील माणसे वाढवावी लागली. पहिली-दुसरीची मुले या योजनेत नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सर्वांत लहान मुलांना दुरून शिकविणे तेव्हाही सर्वांत अवघड होते.

नुकसान आणि भरपाई

शाळा व घर यांनी धडपड केली, तरी नुकसान झालेच. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येई, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले व २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांपर्यंत सावरले. सावरण्यास वेळ लागला, आणि मधल्या काळात जी मुले पुढच्या वर्गांत सरकली त्यांच्यातील कच्चेपणा आपोआप भरून निघाला असे मानता येत नाही. राज्याने १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबविला, तो याच चिंतेपोटी.

त्या काळातील एक चांगली गोष्ट पुढे टिकली. २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झाले. त्यात वस्तीवस्तीवर मातांचे गट करण्यात आले व घरी करावयाच्या कृती त्यांना दाखविण्यात आल्या. साथीत जे निरुपायाने करावे लागले, तेच येथे शाळा सुरू होण्यापूर्वीची तयारी म्हणून स्वीकारले गेले.

पुढील काळासाठी

शाळा बंद पडण्यासाठी महासाथच यावी लागते असे नाही. २५ जुलै २०२४ रोजी अतिवृष्टीमुळे मुळशीसह घाटभागातील शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. ताम्हिणीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पावसाळ्यातील असे दिवस नवे नाहीत. म्हणून प्रत्येक प्राथमिक शाळेजवळ चार गोष्टी तयार असाव्यात : प्रत्येक घराशी संपर्क कसा व कोणत्या वेळी होतो याची दरवर्षी नवी केलेली यादी, फोनवाचून करता येतील असे आठवडाभराचे स्वाध्याय, प्रत्येक वस्तीवर मदत करणारी एक माता वा शिकलेली ताई, आणि अडचणीतील घराची खबर कोणी कोणाला द्यावयाची याचा ठरलेला क्रम.

हे काम एकट्या शिक्षकांचे नव्हे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत व समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवून दिले आहे. विनाअनुदानित शाळांना ही तरतूद लागू नसली, तरी तेथेही पालकसभा असतेच. आपल्या धर्मग्रामातील अथवा गावातील शाळेच्या पुढच्या सभेस जाल, तेव्हा एक साधा प्रश्न अवश्य विचारावा : उद्यापासून पंधरा दिवस शाळा बंद राहिली, तर सर्वांत दूरच्या घरातील पहिलीच्या मुलाशी कोण बोलेल, आणि कसे? या प्रश्नाचे उत्तर नावानिशी मिळाले, तर ती शाळा तयार आहे असे समजावे. न मिळाल्यास, ते तयार करण्याचे काम त्याच सभेत सुरू करावे.