उभ्या उडीचें माप

मनुष्याच्या अंगचें बळ मोजावें कसें, हा प्रश्न जुना आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे १८७९ ते १९१९ पर्यंत प्रमुख असलेले डडली सार्जंट यांनीं १९२१ सालीं त्याचें सोपें उत्तर सुचविलें. जागच्या जागीं उभें राहून सरळ वर उडी घ्यावी आणि तिची उंची मोजावी. पुढें भिंतीवरील खडूच्या खुणांची रीत रूढ झाली. हात उंच करून उभ्यानें एक खूण, उडी मारून दुसरी. दोहोंतील अंतर हेंच माप.

परंतु सोपें माप विश्वसनीय असतेंच असें नाहीं. पहिल्या खुणेच्या वेळीं खांदा किंचित् आंखडला, तर उडी न वाढतांही अंतर वाढतें. हात झोकल्यानें खरोखरच उंचींत भर पडते. म्हणून उडीची रीत निश्चित करणें व आधीं सराव देणें अवश्य ठरलें.

१९८३ सालीं इटलीचे कार्मेलो बॉस्को यांनीं फिनलंडमधील सहकाऱ्यांसह उडीच्या काळावरून शक्ति काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली. खेळाडूचे पाय चटईवरून सुटल्यापासून पुन्हां टेकेपर्यंतचा काळ घड्याळ मोजतें, व त्यावरून उंची काढतां येते. काळ ०.६० सेकंद असेल तर उंची सुमारें ४४ सेंटिमीटर, ०.६२ असेल तर ४७. गुडघे वांकवून जमिनीवर उतरणारा खेळाडू हवेंत क्षणभर अधिक राहतो, आणि यंत्र ती लबाडी उंची म्हणून नोंदवितें!

निष्णात खेळाडूंच्या बाबतींत तर ही अडचण अधिकच बिकट होते. शाळेंतील मुलांच्या उड्या २० पासून ५० सेंटिमीटरपर्यंत पसरलेल्या असल्या, तर दोन सेंटिमीटरांच्या चुकीनें त्यांचे अनुक्रम फारसे बदलत नाहींत. राष्ट्रीय संघांतील खेळाडूंत मात्र अंतरच दोन-तीन सेंटिमीटरांचें असतें; तेथें तीच चूक पहिल्यास चवथा करते. अनेक महिन्यांच्या श्रमांनीं मिळालेली वाढही तितकीच अल्प असते. म्हणून मुलांच्या वर्गांत विश्वसनीय ठरलेली चाचणी निवडक खेळाडूंतही तशीच ठरेल, असें गृहीत धरतां येत नाहीं.

यास्तव आधीं त्याच खेळाडूची उडी निरनिराळ्या दिवशीं, त्याच वेळीं, सारखेंच अंग गरम करून आणि हात कमरेवर ठेवून मोजावी, व अनेक उड्यांची सरासरी घ्यावी. त्याच्या मापांत नित्य किती चढउतार होतो, हें यावरून कळतें. त्याहून मोठा फरक दिसला, तरच तो वाढला किंवा थकला असें म्हणावें. एका उडीवरून कोणास संघांतून वगळणें म्हणजे मापाच्या चुकीची शिक्षा माणसास देणें होय.