सुताची वानगी : मिरजगाव परिसरातील लोकर आणि ‘सुधारणे’चा प्रश्न

मराठीत मागावर घोंगडी विणतात आणि दोन सुयांवर स्वेटरही विणतात. इंग्रजीत या क्रियांना निरनिराळे धातू आहेत. मराठीने एका ‘विणणे’वर काम भागविले. दोन्ही कलांत एक पायरी मात्र समान आहे. अपरिचित सूत हाती आले की प्रथम त्याची वानगी पाहावी लागते. सुयांवर विणणारी स्त्री लहानसा चौकोन विणते, १० सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते मोजते, चौकोन धुऊन वाळविते आणि पुन्हा मोजते. या दोन मापांतील अंतरात सुताचा स्वभाव प्रकट होतो.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर-सोलापूर मार्गावरील गाव अवर्षणप्रवण, मेंढपाळीच्या टापूत येते. येथील दख्खनी मेंढीची लोकर रंगाने बहुधा काळी व स्पर्शाला राठ असते. तिचा तंतू सरासरीने ४० मायक्रॉनहून जाड, तर मेरिनोचा साधारणतः २४ मायक्रॉनहून बारीक असतो. सनगर व खुटेकर विणकर या लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन खड्डामागावर घोंगडी विणीत आले. राठपणा हा या सुताचा दोष नव्हे. त्यामुळेच घोंगडी पावसात लवकर भिजत नाही आणि जमिनीवर अंथरली तरी टिकते.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबई सरकारने अहमदनगर भागात मेरिनो मेंढे आणवून स्थानिक जात ‘सुधारण्याचा’ प्रयत्न केला. निर्यातीला योग्य अशी मऊ लोकर मिळावी, हा त्यामागील हेतू होता. दख्खनी मेंढीचे मूळ स्वरूप त्याने पालटले नाही. येथे लोकरीची पारख विलायती गिरणीच्या गरजेनुसार झाली. घोंगडीच्या मागाची गरज तीत मोजली गेली नाही. बारीक, खवलेदार मेरिनो तंतू ओलावा व घर्षण मिळताच दख्खनी तंतूपेक्षा अधिक आटतो. सुयांवरील मऊ वस्त्राला सोयीचा असा हा तंतू घोंगडीला उपयोगी पडेलच, असे नव्हे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अॅक्रिलिक सूत बाजारात आले. त्याचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९५० मध्ये सुरू झाले होते. मराठी दुकानांत त्यालाही ‘लोकर’च म्हणू लागले. शब्द तोच राहिला, पदार्थ मात्र बदलला. वाफेची इस्त्री फिरताच या सुताची लवचिकता जाते व वीण सैल पडते. खरी लोकर वाफेने नीट बसते. नावावर विसंबणाऱ्यास हा भेद कळत नाही. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चौकोनात तो तत्काळ दिसतो.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, सुताचे गुणदोष स्वयंभू नसतात. ते ज्या वस्तूसाठी वापरावयाचे तिच्या संदर्भातच ठरतात. म्हणून दख्खनी लोकरीच्या इतिहासात ‘सुधारणा’ हा शब्द आढळेल तेथे ती कोणत्या वस्त्रासाठी व कोणाच्या मापाने, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.