पुस्तक नवं, पण गुरुजींचं काय?

अभ्यासक्रम बदलायचा म्हटलं की आपल्याकडे आधी नवं पाठ्यपुस्तक येतं आणि मग शिक्षकांचं प्रशिक्षण उरकलं जातं. आज मी ज्या प्रयोगाबद्दल बोलणार आहे, तिथे शिक्षक पहिल्या दिवसापासून कामात होते.

हा प्रयोग मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा, म्हणजे आजच्या नर्मदापुरमचा. इंदूर-जबलपूरच्या मराठी मंडळींना हा भाग सांगायला नको. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून अनिल सद्गोपाल तिथल्या खेड्यात गेले आणि त्यांनी 'किशोर भारती' ही संस्था काढली. ही संस्था आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२ साली, सरकारी परवानगी घेऊन, १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान नव्याने शिकवायला घेतलं. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही मदतीला आले.

वर्गात चार-चार मुलांची टोळी. प्रयोग करायचा, दिसेल ते वहीत लिहायचं, मग चर्चा. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रश्न भरपूर. तयार उत्तरं मात्र नाहीत. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची मुभा, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा.

आता गुरुजींची अडचण बघा. स्वतः कधी प्रयोग न केलेल्या माणसाने तो मुलांकडून कसा करून घ्यायचा? म्हणून सुट्टीतल्या शिबिरांत शिक्षकांनी आधी तेच प्रयोग स्वतःच्या हाताने केले. नंतर दर महिन्याला बैठक व्हायची. काय जमलं, कुठे अडलं, हे शिक्षक तिथे सांगत आणि त्यावरून धडे सुधारले जात. मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. 'मलाही माहीत नाही, करून बघू' असं म्हणायला शिक्षकाला तिथे संकोच वाटायचं कारण नव्हतं.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला. त्याच सुमारास टेल्कोतून रजा घेऊन आलेल्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून आकृत्या बनवायला सुरुवात केली. १९८२ मध्ये 'एकलव्य' स्थापन झाली आणि तिने ही धुरा उचलली.

२००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम थांबलं. गंमत म्हणजे, तीनच वर्षांनी आलेल्या २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलांनी करून शिकावं, हाच आग्रह होता!

'बाल वैज्ञानिक' पुन्हा छापता येईल. पण आपली अडचण मोकळेपणाने मांडणाऱ्या शिक्षकांची बैठक छापता येत नाही. ती वर्षानुवर्षं जमवावी लागते. २०२०च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण मिळावं, असं म्हटलं आहे. त्या तासांत शिक्षक नुसते ऐकत बसणार, की काही करून बघणार? तुमच्या ओळखीच्या एखाद्या शिक्षकाला हे जरूर विचारा.