वाट पाहणारा संगणक

तेल्हाऱ्यातल्या माझ्या खोलीत २०१३ सालचा एक डेस्कटॉप आहे. सकाळी बटण दाबायचं, चहा ठेवायचा, पिऊन कप विसळायचा, तेव्हा कुठे त्याचा पडदा उजळायचा. मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा, हे डबडं भंगारात द्या.’’ पण त्यात माझ्या दहा वर्षांच्या कविता होत्या, जुन्या फाँटमधल्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात.

हा इतका मंद का, हे शोधताना मागचा इतिहास हाती लागला. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक संगणकासोबत जगातली पहिली हार्ड डिस्क आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं! पुढे तबकड्या तळहाताएवढ्या झाल्या, पद्धत तीच राहिली. तबकडी फिरते, वाचणारा दांडा सरकतो, हवी ती जागा खाली येईपर्यंत थांबायचं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कलाही एका शोधाला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. संगणक सुरू होताना असे हजारो शोध होतात. तोवर प्रोसेसर बसून असतो, तलाठ्याच्या दप्तरातून सातबारा निघायची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखा.

यावरचा उपाय जपानात सापडला. तोशिबातले अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये नवी स्मृती मांडली. तिच्यातला मजकूर कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकावा तसा एका झटक्यात पुसला जाई, म्हणून एका सहकाऱ्याने तिला ‘फ्लॅश’ नाव सुचवलं. आजची एसएसडी याच स्मृतीची. तिच्यात फिरणारं काही नाही, शोधाला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. २००८ मध्ये यूएसबी ३.० ठरलं. आधीचा सेकंदाला ४८० मेगाबिटचा वेग पाच गिगाबिटवर गेला, आणि बाहेरून जोडलेली डिस्कही झपाट्याने चालू लागली.

माझ्या संगणकात जागा एकाच डिस्कची, आणि ती मला हलवायची नव्हती. म्हणून अकोल्याहून बाहेरून जोडायची एसएसडी आणली. मात्र तिच्यात नुसत्या फायली ठेवून संगणक धावत नाही. त्याची कार्यप्रणालीच तिच्यावरून सुरू व्हावी लागते. मी लिनक्स घेतली. आधी कवितांच्या दोन प्रती काढल्या. मग वीज बंद करून आतल्या डिस्कची केबल सोडवली. ‘कोणत्या डिस्कवर बसवू?’ या प्रश्नाला बोट चुकलं असतं, तर सारं पुसलं गेलं असतं. लिनक्स बसल्यावर केबल परत जोडली, आणि एसएसडी मागच्या निळ्या यूएसबी खाचेत लावून ठेवली. बूट मेनूतून ती निवडली की आता चहाला आधण यायच्या आत पडदा उजळतो.

जुना फाँट लागला की मात्र आतल्या डिस्कवरून संगणक सुरू करतो आणि निवांत चहा पितो. रोज एक कविता युनिकोडमध्ये उतरवतो आहे. ती तबकडी कधीतरी थांबणारच. त्याआधी हे काम संपायला हवं.