होल्स्टर, मोठ्या रिव्हॉल्व्हरचे

मोठ्या सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर कपड्यांखाली, कोणाच्या नजरेस न येता, अंगावर वागवण्यासाठीचे म्यान. हा विषय मुख्यतः अमेरिकेतला. तिथे फ्लोरिडाने १९८७ मध्ये छुप्या शस्त्राचा परवाना सोपा केला, त्यानंतर एकेक राज्य त्या वाटेने गेले आणि २०१३ मध्ये इलिनॉयने सर्वांत शेवटी मुभा दिली. अशा परवानाधारकांपैकी बहुतेक जण चपटे अर्धस्वयंचलित पिस्तूल किंवा पाच गोळ्यांचे आखूड रिव्हॉल्व्हर निवडतात. तरीही स्मिथ अँड वेसनच्या ‘एन’ सांगाड्याची किंवा रूगर रेडहॉकसारखी धिप्पाड रिव्हॉल्व्हरे बाळगणारे आहेतच. काहींना त्या जुन्या घडणीचे प्रेम असते, काहींना अलास्का-मोंटानाच्या रानात अस्वलाची धास्ती. २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांतही त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र नेता येते, हेही एक कारण.

नवशिक्याला वाटते की लांब नळी लपवणे हीच अडचण. प्रत्यक्षात नळी मांडीच्या रेषेत खाली उतरते आणि सैल कपड्यांत सहज सामावते. लपत नाहीत ती सिलिंडर आणि मूठ. ‘एन’ सांगाड्याच्या सिलिंडरचा व्यास सुमारे ४३ मिमी. असतो, तर लहान ‘जे’ सांगाड्याचा ३३ मिमी.च्या आसपास. बऱ्याच पिस्तुलांची स्लाइड २५ मिमी.हून फारशी रुंद नसते. मूठ तर पट्ट्याच्या वर राहते आणि माणूस वाकला की सदऱ्याला टोक येते. त्यामुळे सहा इंचांऐवजी चार इंची नळी घेतल्याने बसताना सुख होते, वजन थोडे घटते, पण लपवण्यात मोठा फरक पडत नाही. जाड रबरी मूठ काढून पातळ, खाली गोलाई दिलेली लाकडी मूठ बसवली तर मात्र फरक ताबडतोब दिसतो. शिवाय रबराला कापड चिकटून वर चढते, लाकडाला तसे होत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. .३५७ मॅग्नम काडतूस १९३५ मध्ये आले, .४४ मॅग्नम १९५५-५६ मध्ये. ‘डर्टी हॅरी’ (१९७१) या चित्रपटाने .४४ मॅग्नमच्या ‘मॉडेल २९’ रिव्हॉल्व्हरचे नाव घरोघरी पोचवले. चार इंची नळीचे .४४ रिव्हॉल्व्हर रिकामे असतानाच साधारण १.२ किलो भरते, वर सहा काडतुसे. एवढा भार होल्स्टर पेलत नाही, पट्टा पेलतो. म्हणून निवडीची सुरुवात पट्ट्यापासून करावी. दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा किंवा आत पोलादी पट्टी घातलेला पट्टा लागतो. कचेरीत बांधायच्या पातळ पट्ट्यावर उत्तम होल्स्टरही बाहेरच्या बाजूला कलंडते आणि मूठ अंगापासून सुटते. होल्स्टरच्या खाचा पट्ट्याच्या रुंदीला घट्ट बसणाऱ्या हव्यात.

प्रकारांत सर्वांत उपयोगी ठरलेला प्रकार म्हणजे पट्ट्याच्या बाहेर, कमरेच्या हाडामागे बसणारे चपटे ‘पॅनकेक’. चामड्याचे दोन तुकडे कडेने शिवलेले असतात आणि पट्टा दोन्ही अंगांच्या खाचांतून जातो. त्यामुळे भार पसरतो आणि शस्त्र बरगडीच्या खालच्या खोलगट भागात ओढले जाते. मूठ किंचित पुढे झुकलेली असली की ती पाठीमागे उठून दिसत नाही. यावर कोट, जाकीट किंवा सैल, खालची कड सरळ असलेला सदरा मात्र हवाच. विजारीच्या आत खोचायचे होल्स्टर नळी अधिक चांगली झाकते, पण सिलिंडर हाडावर रुतते. विजार कमरेला इंच-दोन इंच मोठी घ्यावी लागते आणि दिवसभराच्या बसकामात बहुतेकांचा धीर सुटतो. खिशातले आणि घोट्याचे प्रकार इतक्या वजनाला निरुपयोगी आहेत.

खांद्याच्या होल्स्टरला चित्रपटांनी नको तितके मोठे केले. तरी लांब नळीसाठी, गाडी चालवणाऱ्यासाठी आणि पाठदुखी असणाऱ्यासाठी ते खरोखर सोयीचे आहे. आडव्या बांधणीत लांब नळी काखेमागे कोटात टोचते, शिवाय तिचे तोंड मागच्या माणसाकडे राहते. त्यामुळे सहा इंची नळीला उभी बांधणीच योग्य. दुसऱ्या काखेत जादा काडतुसे ठेवली की तोल साधतो. शस्त्र काढताना नळी स्वतःच्या दंडावरून जाऊ शकते, म्हणून याचा सराव प्रशिक्षकासमोर, रिकाम्या शस्त्राने करायचा असतो. अलास्कात छातीवर तिरके बांधायचे होल्स्टर प्रचलित आहे. पाठीवरच्या पिशवीचे पट्टे आणि मासेमारीची उंच विजार यांत ते अडकत नाही. ते जाकिटाखाली झाकता येते, पण त्याचा मूळ हेतू झाकणे हा नव्हे.

आजच्या आकारांमागे थोडा इतिहास आहे. टेक्ससमधील एल पासोचे पोलीस टॉम थ्रीपर्सन्स यांच्या नावाचे होल्स्टर १९२० च्या दशकात एस. डी. मायर्स यांच्या कारखान्याने तयार केले. घोडेस्वाराच्या होल्स्टरमागचे रुंद पाखे त्यात छाटून टाकले होते आणि म्यान उंच, पट्ट्याजवळ बसत होते. चापाचे कडे मात्र उघडे होते. आज कोणताही जाणकार ते मान्य करणार नाही. बर्न्स-मार्टिन होल्स्टर पुढून उघडे असे आणि आतली स्प्रिंग सिलिंडरला धरून ठेवी. इयान फ्लेमिंग यांनी ‘डॉक्टर नो’मध्ये (१९५८) जेम्स बाँडचे वॉल्थर पिस्तूल याच होल्स्टरात घातले आणि जाणकारांची करमणूक केली, कारण पिस्तुलाला मुळात सिलिंडरच नसते. न्यूयॉर्कचे चिक गेलॉर्ड यांनी १९५० च्या दशकात चामडे शस्त्रावर ओले घडवून त्याच्या आकाराशी एकजीव करण्याची पद्धत शहरी वापरासाठी रुजवली. ‘कायडेक्स’ हे प्लास्टिक १९६५ चे, विमानांच्या अंतर्भागासाठी काढलेले. ते घामाने मऊ पडत नाही, पण फुगीर सिलिंडरभोवती चामडे जसे बसते तसे ते बसत नाही आणि अंगाला कडक लागते. मोठ्या रिव्हॉल्व्हरला या लेखकाचे मत चामड्याच्या बाजूने आहे.

सुरक्षेच्या कसोट्या शैलीवर अवलंबून नाहीत. चाप पूर्ण झाकलेला हवा. शस्त्र काढल्यावर होल्स्टरचे तोंड मिटता कामा नये, नाहीतर परत ठेवताना दुसरा हात नळीपुढे येतो. रिकामे शस्त्र घालून होल्स्टर उलटे धरले तरी ते निसटू नये. रानात किंवा गर्दीत वर अंगठ्याने सुटणारी पट्टी असावी. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरची एक सोय पिस्तुलप्रेमी विसरतात. परत ठेवताना अंगठा घोड्यावर ठेवला तर चापात काही अडकून घोडा उठू लागल्याचे लगेच हाताला कळते. कोल्ट सिंगल ॲक्शनसारख्या जुन्या घडणीत घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरतात. रूगरने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार (चाप ओढल्याखेरीज घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोचू न देणारा भाग) आणल्यावर त्यांच्या नव्या रिव्हॉल्व्हरांना ती गरज उरली नाही.

भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याचे रिव्हॉल्व्हर सार्वजनिक जागी होल्स्टरमध्ये किंवा तशा म्यानात आणि पूर्ण झाकलेले असावे लागते. ते परजल्यास परवाना जाऊ शकतो. महाराष्ट्रातल्या परवानाधारकाकडे बहुधा कानपूरच्या कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर असते. ते बरेच हलके आणि अरुंद, त्यामुळे वरची बरीच चर्चा त्याला लागू होत नाही, पट्ट्याची आणि चापाची मात्र होते.

चामड्याचे होल्स्टर हे साठवणीचे ठिकाण नव्हे. कमावलेले चामडे ओल धरून ठेवते आणि पोलादाला गंज चढतो. रात्री शस्त्र बाहेर काढून, पुसून कुलपात ठेवावे. होल्स्टर ओले झाल्यास सावलीत वाळवावे, विस्तवाजवळ धरू नये. तेलाने ते मऊ पडते आणि पकड सैल होते.