‘१४;१८ स्थानांतर’

उल्हासनगर कॅम्प २ मधील रुग्ण गाठीच्या तपासणीसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातो, तेव्हा त्याच्या अहवालात अशी नोंद येऊ शकते. १४ व १८ या गुणसूत्रांनी तुटून आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केली, एवढाच तिचा अर्थ. प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूंना ओळखणाऱ्या प्रथिनांची, विविधता घडवण्यासाठी बी-पेशी स्वतःचाच डीएनए कापून जोडते, आणि अशा अदलाबदलीचा धोका तिच्या या नेहमीच्या कामातच असतो. अस्थिमज्जेत रॅग विकराने केलेला काप चुकीच्या टोकाशी सांधला गेला, की पेशीचा मृत्यू रोखणारे १८ व्या गुणसूत्रावरील बीसीएल-२ जनुक १४ व्या गुणसूत्रावरील प्रतिपिंड-जनुकाशेजारी येते आणि त्याच्या जोरावर अखंड चालू राहते. फॉलिक्युलर लिम्फोमा या बी-पेशींच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत हेच आढळते. बर्किट लिम्फोमातील ‘८;१४’ मात्र बहुधा पुढच्या टप्प्यावर, लसिकाग्रंथीत एआयडी विकराने डीएनएची अक्षरे बदलताना पडलेल्या तुटीतून उद्भवते, आणि त्यात पेशीविभाजनाला चालना देणारे मिक जनुक बेलगाम होते. ‘१४;१८’ असलेल्या मोजक्या पेशी अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तातही सापडतात, म्हणजे एवढ्यानेच कर्करोग होत नाही. हा बदल जन्मानंतर एखाद्या पेशीत घडलेला असतो. तो रुग्णाच्या मुलांकडे जात नाही. — संपादक