शिरोळचे ताट: शाळू, ऊस आणि आहारशिक्षण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याची काळी, खोल जमीन कृष्णा-पंचगंगेच्या गाळावर पोसलेली आहे. नृसिंहवाडीला या दोन्ही नद्या मिळतात. पावसाळा सरला की ओल धरणाऱ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि हरभरा पेरला जाई. शाळूत करडईच्या ओळी असत. शेतमजुराला मजुरीचा काही भाग धान्यात मिळे. भाकरी, पिठलं, ताक आणि रानातली पाथरी, तांदळी, घोळ यांवर त्याचे घर चाले. हा आहार कसदार होता, पण पोटभर क्वचितच मिळे. पाऊस हुकला किंवा रानात पुराचे पाणी चढले की भूमिहीनाची चूल सर्वांआधी थंडावे.

शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेले राधानगरी धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पुढे नदीकाठी उपसा सिंचन योजना आल्या, सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि शिरोळचा दत्त कारखाना तालुक्याच्या अर्थकारणाचा कणा बनला. उसाने पैसा आणला, मात्र शाळू, हरभरा आणि करडईचे रान घटले. पाण्याच्या अतिवापराने बरीच जमीन क्षारपडही झाली. मजुरी रोखीत मिळू लागली, तसे मजुराचे ताट दुकानावर आणि रेशनच्या गहू-तांदळावर अवलंबून राहिले. डाळ, भाजी आणि दूध विकत घेण्याच्या वस्तू झाल्या, आणि हात आखडला की आधी त्यांनाच कात्री लागे.

गरिबाच्या आहाराकडे सरकारचे लक्ष १९७२च्या दुष्काळाने अधिक वेधले. दुष्काळी कामांवर तेव्हा सुकडी हा पूरक आहार वाटला गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रातल्या तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांत मेळघाटातील धारणी होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पूर्वप्राथमिक शिक्षण यांच्या जोडीला आहार व आरोग्याचे शिक्षण ही तिची सहावी सेवा होती. गावोगावच्या अंगणवाडीत सेविका बाळाचे वजन करून तक्त्यावर नोंदवते. वजनाची रेघ खाली वळलेली दिसली की न शिकलेल्या आईलाही धोका कळतो. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न काय द्यावे, लोहाच्या गोळ्या का घ्याव्यात, हे सेविका त्याच वेळी सांगते. २००५नंतर आशा या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीने हीच माहिती घरोघर नेली. सांगणारी बाई गावातलीच असल्याने कोणत्या घरात काय शिजते हे तिला ठाऊक असते; तिच्या सल्ल्याचे बळ यातच आहे.

या व्यवस्थेच्या कडेला ऊसतोड मजूर राहिले. दसऱ्यानंतर बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी येतात आणि हंगाम संपेपर्यंत कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. बाई पहाटे भाकऱ्या थापून फडात जाते. गरोदरपणातली तपासणी, बाळाची लस आणि अंगणवाडीचा आहार गावाकडच्या नोंदवहीतच राहतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. पुढे शिधापत्रिका दुसऱ्या ठिकाणीही चालू लागली, त्यामुळे हे धान्य कामाच्या गावी घेता येते. डाळ आणि भाजीची उणीव मात्र त्याने भरून निघत नाही.

२००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांत तालुक्यातली घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी पाणी उकळून पिणे आणि लहान मुलाला जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी पाजणे ही साधी माहिती जीव वाचवणारी ठरते. आता आहाराच्या सल्ल्यात परसबागा, कडधान्ये आणि भरड धान्ये यांवर भर दिला जात आहे. शाळू पिकवणाऱ्या या मातीला भरड धान्यांची ओळख नवी नाही. भूमिहीनाच्या हाती परसाची जागा आणि डाळीपुरता पैसा आला, तरच तो सल्ला त्याच्या ताटापर्यंत पोहोचेल.